बाहुलीचा खेळ विनामूल्य, पण गोष्ट कोणाची?

सुट्टीत वाचनालयांमध्ये होणाऱ्या बाहुल्यांच्या खेळांविषयी आणि त्या अनुषंगाने उद्भवणाऱ्या स्वामित्वहक्काच्या, म्हणजे बोलण्यात आपण ज्याला कॉपीराइट म्हणतो त्याच्या, शंकांविषयी आलेली पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. पहिल्या पत्राचे उत्तर इतरांपेक्षा बरेच मोठे झाले आहे, कारण बाकीच्या शंकांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : आमचे वाचनालय मालवण तालुक्यातील एका गावात असून ते ‘ड’ वर्गातील आहे. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी मुलाबाळांसह गावी येतात, तेव्हा बालविभागातर्फे बाहुल्यांचा खेळ करावा असा विचार आहे. आमच्या पाच महिला सभासदांनी हातमोज्यांच्या बाहुल्या घरीच शिवल्या आहेत. एका हयात लेखिकेची, आजही दुकानात मिळणारी बालकथा आम्ही निवडली आहे. प्रवेश सर्वांना विनामूल्य राहील. कार्यकारिणीत मात्र तीन मते पडली आहेत. एक सदस्य म्हणतात की पुस्तक वाचनालयाने विकत घेतले आहे, तेव्हा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरे म्हणतात की आपण पैसे घेत नाही, त्यामुळे परवानगीची गरज नाही. तिसऱ्यांना तुरुंगवासाची भीती वाटते. यापैकी काय खरे मानावे? (ग्रंथपाल, मालवण तालुका)

उत्तर : पहिले मत चुकीचे आहे, दुसरे बऱ्याच अंशी बरोबर असले तरी अपुरे आहे, आणि तिसऱ्यात सांगितलेली भीती कायद्यात नमूद असली तरी आपल्या बाबतीत ती दूरची आहे.

पुस्तक दाखल नोंदवहीत चढले म्हणजे ती एक प्रत वाचनालयाची झाली. ती सभासदांना वाचायला देता येते, जीर्ण झाल्यास बांधून घेता येते, पण तिच्यातील कथेवरचे हक्क लेखिकेकडे किंवा तिने ज्यांना ते लेखी दिले असतील त्यांच्याकडेच राहतात. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम १४ मध्ये या हक्कांची यादी आहे. साहित्यकृतीच्या प्रती काढणे, तिचा लोकांसमोर प्रयोग करणे, तिचे भाषांतर करणे आणि तिचे रूपांतर करणे हे त्यातील वेगवेगळे हक्क आहेत, आणि कथेचे नाटकात केलेले परिवर्तन हा रूपांतराचाच प्रकार असल्याचे कायद्याच्या व्याख्येत म्हटले आहे. आपली बाहुली बोलू लागली की यातील दोन हक्कांना एकाच वेळी स्पर्श होतो, प्रयोगाच्या आणि रूपांतराच्या.

दुसऱ्या सदस्यांचे मत ज्या तरतुदीवर उभे आहे ती कलम ५२(१)(एल) मध्ये आहे. हौशी मंडळाने किंवा संस्थेने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर, किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी, साहित्य, नाट्य वा संगीत कृतीचा प्रयोग केला तर तो हक्कभंग ठरत नाही. आपल्या सभासद स्वतःच्या आवडीने, मोबदला न घेता खेळ करणार आहेत आणि प्रेक्षकही काही देणार नाहीत. त्यामुळे प्रयोगापुरते पाहिले तर आपण या सवलतीत बसता असे मला वाटते. सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा आधार मानलेला आहे. कन्नड साहित्यिक कोटा शिवराम कारंत यांनी यक्षगानाला दिलेल्या नव्या रूपाच्या हक्कांवरून त्यांच्या निधनानंतर वाद झाला. मृत्युपत्रानुसार ते हक्क ज्यांच्याकडे आले होते त्यांच्यात आणि मणिपालच्या एका शिक्षणसंस्थेत चाललेला हा खटला २००९ मध्ये निकाली निघाला. त्या रूपातील प्रयोग करण्यास संस्थेला केलेल्या मनाई हुकुमाची व्याप्ती स्पष्ट करताना न्यायालयाने म्हटले की संस्था हौशी मंडळाच्या व्याख्येत बसत असेल आणि प्रयोग पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर होत असेल, तर त्या हुकुमाचा भंग होणार नाही. आपल्या शेजारच्याच किनाऱ्यावरील लोकनाट्याच्या संदर्भात हे सांगितले गेले असल्याने कोकणातील संस्थांनी ते मुद्दाम लक्षात ठेवावे.

परंतु या सवलतीला दोन अटी आहेत आणि त्या दोन्ही एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत, याकडे आपल्या सदस्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. प्रेक्षकांना प्रवेश विनामूल्य असला, पण खेळ करायला मानधन देऊन व्यावसायिक कलावंत बोलावले, तर तो हौशी मंडळाचा प्रयोग राहत नाही. उलट सभासदांनीच खेळ केला, पण पडद्याच्या आणि कापडाच्या खर्चापुरते म्हणून दारात वीस रुपये घेतले, तर प्रेक्षक पैसे न देणारे राहत नाहीत. ते वीस रुपये वाचनालयाच्या इमारत निधीत जमा होणार असले तरी फरक पडत नाही, कारण कायद्याने लाभाची सूट धार्मिक संस्थेपुरतीच दिली आहे, वाचनालयाला नाही. ‘ऐच्छिक देणगी’ची पेटी त्या दिवशी प्रवेशद्वाराशी ठेवू नये, असेही मी सुचवेन. देणगी खरोखर ऐच्छिक होती हे नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा ती दुसऱ्या दिवशी घेतलेली बरी.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की ही सवलत फक्त प्रयोगाला आहे. कथेचे संवादांत केलेले रूपांतर, त्या संहितेच्या झेरॉक्स प्रती, पुस्तकातील चित्रे पाहून त्यांबरहुकूम केलेल्या बाहुल्या आणि खेळाचे चित्रीकरण यांचा त्या वाक्यात उल्लेख नाही. चित्रकाराचा हक्क लेखिकेहून वेगळा असतो, आणि सपाट चित्राला त्रिमितीत उतरवणे हाही कायद्याने त्या चित्राच्या हक्कधारकाकडे ठेवलेला अधिकार आहे. आपल्या सभासदांनी कोल्हा, ससा आणि आजी स्वतःच्या कल्पनेने शिवले असतील तर काहीच अडचण नाही. पुस्तकातल्या आजीचा विशिष्ट चष्मा, अंबाडा आणि नऊवारीवरची नक्षी जशीच्या तशी उतरवली असेल, तर चित्रकाराची परवानगी घेतली पाहिजे.

शाळांना मिळणारी सवलत याहून वेगळी असते, आणि काही ग्रंथपालांच्या बोलण्यात या दोहोंची गल्लत होते. कलम ५२(१)(जे) नुसार शिक्षणसंस्थेचे शिक्षक आणि विद्यार्थी आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून प्रयोग करू शकतात, पण प्रेक्षक ते स्वतः, पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित व्यक्ती एवढेच असले पाहिजेत. वाचनालयाच्या अंगणात गावातील कोणीही येऊन बसणार असल्याने आपण त्या कलमाचा आधार घेऊ नये.

आता तुरुंगवासाविषयी. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे, पण ती जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगासाठी आहे, आणि व्यापारी लाभाचा हेतू नसेल तर न्यायालय निकालपत्रात कारणे नोंदवून ती कमी करू शकते. मुलांसाठी प्रामाणिकपणे खेळ करणाऱ्या पाच जणींना या कलमाची भीती घालणे मला योग्य वाटत नाही. भीतीपोटी खेळ रद्द झाला तर नुकसान मुलांचे होईल, आणि लेखिकेलाही त्यातून काही मिळणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा की सवलत प्रयोगाला लागू पडते असे गृहीत धरूनही आपण लेखिकेला पत्र पाठवावे. पुस्तकाच्या सुरुवातीच्या, मुद्रणहक्काच्या पानावर हक्क लेखकाकडे आहेत की प्रकाशकाकडे, हे बहुधा छापलेले असते. असा उल्लेख नसला म्हणजे पुस्तक सर्वांना खुले आहे असे मात्र समजू नये. आपल्या देशात स्वामित्वहक्क कृती निर्माण होताच मिळतो, त्यासाठी नोंदणी करणे बंधनकारक नाही. नाटकांच्या पुस्तकांत प्रयोगासाठी पूर्वपरवानगी आवश्यक असल्याची सूचना आपण नेहमी पाहतो आणि आपली हौशी नाट्यमंडळे ती पाळतातही. बालकथेच्या लेखकाला तोच मान द्यावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी दापोली परिसरातील शाळेत शिक्षिका आहे आणि शनिवारी गावच्या वाचनालयात बोटबाहुल्यांचा वर्ग घेते. वर्गाच्या शेवटी पालकांसमोर छोटा खेळ असतो व त्याला माफक तिकीट असते. साने गुरुजींच्या गोष्टी, पंचतंत्र, केशवसुत, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर यांच्या कविता यांपैकी काय निर्धास्तपणे घेता येईल?

उत्तर : तिकीट असल्यामुळे वर सांगितलेली सवलत आपल्याला लागू होत नाही. त्यामुळे प्रश्न फक्त मुदतीचा उरतो, आणि त्याचे उत्तर निश्चित देता येते. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. ही ६० वर्षे मृत्यूच्या दिवसापासून नव्हे, तर त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. पूर्वी हा काळ ५० वर्षांचा होता, तो १९९२ मध्ये वाढवण्यात आला.

आपल्याच तालुक्यातील पालगडला जन्मलेले साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क ३१ डिसेंबर २०१० रोजी संपला. ते लेखन आपण तिकीट लावूनही सादर करू शकता आणि त्याचे रूपांतरही करू शकता. मात्र निधनानंतर प्रथमच छापले गेलेले लेखन असेल तर त्याची ६० वर्षे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजावी लागतात, म्हणून प्रत्येक पुस्तकाची पहिली आवृत्ती कधीची आहे ते पाहावे. मालगुंडचे केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कवितांबद्दल शंका नाही. विंदा मार्च २०१० मध्ये गेले, त्यांच्या कवितांवरील हक्क २०७० च्या अखेरपर्यंत राहील. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या पाडगावकरांचे निधन ३० डिसेंबर २०१५ रोजी झाले. त्यांचे हक्क २०७५ च्या अखेरीस संपतील. या दोघांच्या बालकविता बाहुल्यांच्या तोंडी किती गोड वाटतील हे मी जाणतो, पण तिकिटाच्या खेळात त्या परवानगीशिवाय घेऊ नयेत. तिकीट न लावता एखादा मोजका अंश नुसता म्हणून दाखवायचा असेल तर मार्ग सोपा आहे, कारण प्रकाशित साहित्यातील वाजवी अंशाचे जाहीर वाचन वा पठण करण्यास कलम ५२(१)(जी) ने मोकळीक दिलेली आहे. पूर्ण कविता म्हणजे ‘अंश’ नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

पंचतंत्राबाबत काळजी वेगळ्या ठिकाणी घ्यायची आहे. मूळ संस्कृत ग्रंथ कोणाच्याच मालकीचा नाही, पण आपल्या हातातील मराठी पुस्तक अलीकडच्या लेखकाने लिहिलेले असेल तर त्याची वाक्यरचना, त्याने घातलेले विनोद आणि प्राण्यांना दिलेली नावे त्या लेखकाची आहेत. माकड आणि मगरीची गोष्ट आपण स्वतःच्या शब्दांत सांगितली, मगरीला वाशिष्ठीच्या खाडीत आणून बसवले, तर ती गोष्ट आपली झाली. कल्पनेवर, कथाबीजावर आणि पौराणिक वा ऐतिहासिक हकिकतीवर कोणाचा हक्क नसतो, हक्क असतो तो मांडणीवर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका नाटकाच्या आणि चित्रपटाच्या वादात स्पष्ट केले आहे.

प्रश्न : आमचे घराणे कुडाळ तालुक्यातील असून कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करतो. गेल्या वर्षी एका वाचनालयाने मानधन देऊन आम्हांला बोलावले. रामायणातील प्रसंगाचा आमचा पाऊण तासाचा खेळ त्यांच्या एका कार्यकर्त्याने मोबाइलवर टिपला आणि न विचारता यूट्यूबवर घातला, आमचे नावही दिले नाही. विचारले तेव्हा ‘रामायण सगळ्यांचेच आहे’ असे उत्तर मिळाले. आम्हांला काही हक्क आहे का?

उत्तर : हक्क आहे, आणि तो आपण मागावा असे मी आग्रहाने सांगतो. रामायण सर्वांचे आहे हे खरे, पण त्या संध्याकाळी सूत्रे ज्यांच्या बोटांत होती आणि आवाज ज्यांचा होता, त्यांचे सादरीकरण सर्वांचे नसते. कायद्यात ‘प्रयोगकर्ता’ या शब्दाची व्याख्या नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार, इतकेच काय गारुडीसुद्धा, अशी यादी देऊन ‘प्रयोग करणारी इतर कोणतीही व्यक्ती’ अशी मोकळी ठेवलेली आहे. बाहुल्यांचे सूत्रधार त्यात निःसंशय येतात. कलम ३८ आणि ३८अ नुसार आपल्या प्रयोगाचे चित्रीकरण करणे आणि ते लोकांपर्यंत पोहोचवणे यासाठी आपली संमती लागते, आणि हा अधिकार प्रयोगाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षे चालतो. कलम ३८ब ने प्रयोगकर्त्याला आपले नाव लावून घेण्याचा आणि आपल्या सादरीकरणाची विकृती रोखण्याचा स्वतंत्र अधिकार दिला आहे. कार्यकर्त्याने केवळ स्वतःसाठी टिपण म्हणून किंवा निव्वळ शिकवण्याच्या कामासाठी चित्रीकरण केले असते, तर त्याला कलम ३९ खाली सूट होती. यूट्यूबवर घातल्यावर ती राहत नाही. मानधन हे खेळाचे होते, चित्रीकरणाचे नव्हे. म्हणून त्या संस्थेला लेखी पत्र पाठवून चित्रफीत काढून टाकण्यास सांगावे, किंवा ती राहू द्यायची असल्यास घराण्याचे नाव आणि आपण ठरवाल तो मोबदला मागावा.

यापुढे खेळ ठरवतानाच एका कागदावर चित्रीकरणाची अट लिहून घ्यावी. आणखी एक गोष्ट सुचवतो. आपले संवाद मुखपाठाने आलेले आहेत आणि प्रत्येक पिढीने त्यात भर घातलेली आहे. कायद्यातील नाट्यकृतीची व्याख्या मांडणी किंवा अभिनयाचे रूप लिखित वा अन्य प्रकारे निश्चित झालेले असावे, अशी आहे. आपण स्वतः रचलेले संवाद, गाणी आणि प्रवेशांची मांडणी वहीत उतरवून किंवा स्वतःच ध्वनिमुद्रित करून तारखेसह जपून ठेवली, तर परंपरेतून आलेला भाग सर्वांचा राहील, पण आपण घातलेली भर आपल्या नावावर दाखवता येईल. पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची, आणि बाहुल्यांची कला जपली, त्या कार्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ज्या कलेचा देशाने असा गौरव केला, तिच्या कलावंताचे नाव एखाद्या वाचनालयाने चित्रफितीखाली लिहू नये, याचे मला दुःख होते.

प्रश्न : आम्ही अलिबागजवळच्या वाचनालयात बाहुल्यांचा विनामूल्य खेळ करतो. मध्ये स्पीकरवर चित्रपटगीत लावले आणि दूरचित्रवाणीवरील कार्टूनमधल्या पात्राची बाहुली नाचवली तर चालेल का?

उत्तर : गाण्याबाबत होय म्हणता येईल. नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबच्या किंवा तत्सम संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवण्यास कलम ५२(१)(के) मध्ये सूट आहे, आणि न्यासाने चालवलेले वाचनालय त्यात बसू शकते. ती सूट त्या सभागृहापुरती आहे. गाण्यासह चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकली की गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रण कंपनी या तिघांचेही हक्क उभे राहतात. पेटी, ढोलकी आणि गावातील आजींकडून शिकलेली बडबडगीते वापरली तर हा प्रश्नच राहत नाही, आणि खेळही अधिक रंगतो असा माझा अनुभव आहे.

कार्टूनमधल्या पात्राची बाहुली करू नये. हौशी मंडळाची सवलत चित्रकृतीला लागू नाही हे वर सांगितलेच आहे, आणि अशी पात्रे बहुधा व्यापारचिन्ह म्हणूनही नोंदवलेली असतात.

प्रश्न : लेखकाला परवानगीचे पत्र लिहायचे आहे. त्यात काय असावे? (रत्नागिरी)

उत्तर : पत्र एका पानाचे पुरे. पुस्तकाचे नाव आणि आवृत्ती, खेळ कोण करणार, किती प्रयोग, कोणत्या गावी आणि कोणत्या काळात, प्रवेश विनामूल्य की तिकीट, आणि चित्रीकरण होणार असल्यास ते कुठे ठेवले जाणार, हे सर्व स्पष्ट लिहावे. कथेत काही बदल करणार असाल तर तेही लपवू नये. कृतीची आपल्या प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड होऊ न देण्याचा आणि कर्तृत्वाचे श्रेय मागण्याचा अधिकार कलम ५७ ने लेखकाला दिलेला आहे, आणि हक्क प्रकाशकाला विकल्यानंतरही तो लेखकाकडे राहतो. गोष्टीचा शेवट बदलायचा असेल तर ते आधी विचारलेले चांगले.

उत्तर फोनवर मिळाले तरी ते लेखी मागून घ्यावे, कारण कायद्यात परवाना लेखी असावा असे म्हटले आहे. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरती. लेखक हयात नसतील तर वारसांचा पत्ता प्रकाशकाकडून मिळू शकतो. मानधन मागितले गेल्यास संकोच न करता आपली ऐपत सांगावी, आणि मिळालेले पत्र त्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेसह वाचनालयाच्या दप्तरात लावून ठेवावे, म्हणजे पुढच्या मे महिन्यात येणाऱ्या नव्या कार्यकारिणीला ते सापडेल.